जमिनीतून निघणारा धूर : कॅन्ससमधील निकोडेमस गावाची गोष्ट

१/
१८७८ सालचा वसंत ऋतू. अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, क्षितिजापर्यंत पसरलेल्या गवताळ माळावरून गाड्यांचा एक तांडा चालला होता. त्यात केंटकी राज्यातून आलेली विलियाना हिकमन ही तरुण स्त्री, तिचा धर्मोपदेशक पती डॅनियल आणि त्यांची मुलेबाळे होती. एलिस या रेल्वे स्थानकावर उतरल्यावर तांड्यात गोवराची साथ पसरली आणि काही मुले तिथेच दगावली. उरलेली मंडळी पुढे निघाली. अखेर पुरुषांनी ओरडून सांगितले की गाव आले. विलियानाने चहूकडे पाहिले, पण तिला एकही घर दिसेना. पतीने बोट दाखवले तेव्हा तिला दिसला तो फक्त जमिनीतून वर येणारा धूर. माणसे जमिनीखाली राहत होती. ती तिथेच रडू लागली.

२/
ही आठवण तिने पुढे उतारवयात सांगितली. त्या धुराच्या गावाचे नाव निकोडेमस. २०२० च्या जनगणनेत तिथे १४ माणसे नोंदली गेली. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी पुनर्रचनेच्या काळात मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस ज्या वस्त्या उभारल्या, त्यांपैकी आजही वसलेली अशी हीच एक उरली आहे.

वाचकहो, आजच्या धाग्यात या गावाचा इतिहास पाहू. त्याबरोबरच, एखाद्या गावाची लोकसंख्या घटत गेली तर त्याला ‘अपयश’ म्हणावे का, या प्रश्नाचाही विचार करू.

३/
आधी पार्श्वभूमी. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, हे आपण जाणतोच. पुण्यात तो ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून आठ वर्षे होत आली होती. परंतु ज्यांची बेडी तुटली त्या माणसांचे पुढे काय झाले? त्यांच्याजवळ जमीन नव्हती, भांडवल नव्हते. जुन्या मालकांच्याच शेतांवर वाट्याने राबावे आणि कर्जात रुतावे, हे बहुतेकांच्या नशिबी आले. निकोडेमस हे या परिस्थितीतून बाहेर पडण्याच्या धडपडीचे एक रूप होते.

४/
केंटकीची स्थिती काहीशी वेगळी होती. यादवी युद्धात हे राज्य उत्तरेच्या संघराज्यातच राहिले, त्यामुळे लिंकनची १८६३ ची मुक्तीची घोषणा तिथे लागूच झाली नाही. तिथल्या गुलामांना १८६५ च्या डिसेंबरात तेरावी घटनादुरुस्ती होईपर्यंत वाट पाहावी लागली. मुक्तीनंतरही मारहाण, जाळपोळ आणि झुंडीने फाशी देण्याचे प्रकार थांबले नाहीत. १८७७ मध्ये दक्षिणेतील राज्यांतून केंद्राचे उरलेसुरले सैनिकी संरक्षण काढून घेण्यात आले आणि ‘पुनर्रचना’ म्हणून ओळखला जाणारा कालखंड संपला. आता दिल्लीहून... म्हणजे तिथल्या भाषेत वॉशिंग्टनहून कोणी धावून येणार नाही, हे सर्वांना कळून चुकले.

५/
अशा वेळी कॅन्सस हे नाव कृष्णवर्णीयांच्या कानी पडले की त्याला एक वेगळाच सूर असे. हे राज्य गुलामगिरीविरुद्ध रक्तरंजित संघर्ष करून १८६१ मध्ये ‘मुक्त राज्य’ म्हणून संघराज्यात आले होते. जॉन ब्राऊन याच भूमीवर लढला होता. शिवाय १८६२ चा होमस्टेड कायदा होता. त्यानुसार नाममात्र शुल्क भरून १६० एकर सरकारी जमिनीवर हक्क सांगता येई. तिथे पाच वर्षे राहून ती कसली की जमीन आपली. ज्यांच्या आईबापांना स्वतःच्या देहावरही मालकी नव्हती, त्यांच्या दृष्टीने १६० एकरांचा सातबारा म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

६/
१८७७ च्या एप्रिलमध्ये ‘निकोडेमस टाउन कंपनी’ स्थापन झाली. तिच्या सात संस्थापकांपैकी सहा कृष्णवर्णीय होते. अध्यक्ष होते टेनेसीचे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक डब्ल्यू. एच. स्मिथ. सातवा गोरा होता : इंडियानाचा डब्ल्यू. आर. हिल, जमिनीचे व्यवहार करणारा आणि कंपनीचा खजिनदार. त्यांनी साउथ सॉलोमन नदीच्या उत्तर काठालगत जागा निवडली आणि केंटकीतील चर्चमधून प्रचार सुरू केला. छापील पत्रके वाटली गेली. सुपीक माती, भरपूर पाणी, शिकारीला जनावरे आणि आपल्याच लोकांचे गाव, असे चित्र रंगवले गेले.

गावाच्या नावाबद्दल दोन समजुती आहेत. एक बायबलमधील निकोडेमसकडे बोट दाखवते. दुसरी, अधिक प्रचलित समजूत अशी की, स्वतःची सुटका विकत घेणाऱ्या एका दंतकथेतील गुलामावरून ते नाव आले. त्या गुलामावर हेन्री क्ले वर्क याने १८६४ मध्ये एक लोकप्रिय गीतही रचले होते.

७/
जुलै १८७७ मध्ये टोपेकाहून सुमारे तीस जणांची पहिली तुकडी आली. १७ सप्टेंबरला केंटकीतील लेक्सिंग्टन व जॉर्जटाउन परिसरातून तीनशेहून अधिक माणसे आली. रेल्वे त्यांना एलिसपर्यंतच आणू शकत होती. तिथून सुमारे पन्नास किलोमीटर माळरान त्यांनी दोन दिवसांत तुडवले.

पोहोचल्यावर काय दिसले? झाडे जवळजवळ नाहीतच. घरे नाहीत, दुकाने नाहीत. काही कुटुंबांनी दुसऱ्याच दिवशी परतीची वाट धरली. ज्यांच्याजवळ परतीचे भाडे नव्हते ते राहिले आणि ज्यांना परत जायचेच नव्हते तेही राहिले. चिडलेल्या लोकांनी हिलला फासावर लटकवण्याची भाषा केली आणि तो लपून निसटला, अशी आख्यायिका गावात सांगतात.

८/
हिलने जमिनीची नोंदणी करून देण्याबद्दल शुल्क घेतले होते आणि आश्वासनेही फुगवून दिली होती. पुढे याच काउंटीतील हिल सिटी या शहराला त्याचे नाव मिळाले. म्हणून हा सगळा प्रकार म्हणजे भोळ्या लोकांची फसवणूक, असे काही जुन्या लेखकांनी लिहून टाकले.

पण इथे थांबून विचार करावा. प्रेअरीवरील जवळपास प्रत्येक गाव अशाच पत्रकांतून जन्मले होते. जर्मन, स्वीडिश, आयरिश स्थलांतरितांनाही रेल्वे कंपन्यांनी आणि दलालांनी असाच स्वर्ग दाखवला होता. त्यांना आपण ‘धाडसी वसाहतकार’ म्हणतो. मग केंटकीहून आलेल्यांनाच ‘फसलेले’ का म्हणावे? त्यांनी सगळे ऐकले, सगळे तोलले आणि केंटकीत राहण्यापेक्षा हा जुगार बरा असे ठरवले.

९/
आता त्या धुराकडे वळू. प्रेअरीवर लाकूड दुर्मीळ. म्हणून टेकाडाच्या उतारात किंवा सपाट जमिनीत खड्डा खणायचा, वर फांद्या, गवत आणि माती यांचे छप्पर घालायचे आणि धुरासाठी एक वाट ठेवायची. अशा घराला ‘डगआउट’ म्हणत. पावसात छप्पर गळे, उन्हाळ्यात साप आत शिरत. जमीन जरा हाती आली की लोक ‘सॉड हाउस’ बांधत. प्रेअरीच्या गवताची मुळे इतकी घट्ट विणलेली असतात की मातीचे थर विटांसारखे कापून काढता येतात. त्या मातीच्या विटा रचून भिंती उभ्या राहत. सरपणाला वाळलेल्या गोवऱ्या आणि सूर्यफुलाचे देठ.

त्याच शरद ऋतूत एमा विल्यम्स हिने गावातील पहिल्या बाळाला, हेन्रीला, जन्म दिला. प्रवासात ती गरोदरच होती.

१०/
पहिला हिवाळा जीवघेणा होता. पेरणीचा हंगाम उलटून गेल्यावर लोक आले होते, त्यामुळे घरात धान्य नव्हते. गावाच्या परंपरेत एक आठवण जपली गेली आहे. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज जमातीच्या लोकांनी आपल्याजवळच्या मांसातला वाटा या उपाशी वस्तीला दिला.

ओसेज हे कॅन्ससचे जुने रहिवासी. गोऱ्या वसाहतकारांसाठी जागा मोकळी करावी म्हणून त्यांना अवघ्या काही वर्षांपूर्वी, १८७० च्या दशकाच्या आरंभी, राज्याबाहेर दक्षिणेस हलवण्यात आले होते. ‘मोफत सरकारी जमीन’ कुठून आली, याचे उत्तर इथे मिळते. एका समाजाकडून हिरावलेली भूमी दुसऱ्या वंचित समाजाला आशेचे स्थान वाटत होती. निकोडेमसचा गौरव करताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

११/
१८७८ च्या वसंतात शेती सुरू झाली, पण कशी? वस्तीत घोडे मोजून तीन असल्याचे सांगतात. नांगर ओढायला जनावरे नाहीत, म्हणून माणसांनी कुदळ-फावड्याने माळ फोडला. एकाने दुभती गायच नांगराला जुंपली. ज्या गवताच्या मुळांच्या भिंती होतात ती मुळे हाताने तोडून जमीन लागवडीला आणणे म्हणजे काय कष्ट असतील, याची कल्पना करावी.

पुरुष मजुरीसाठी रेल्वेच्या कामांवर दूरदूर जात आणि शेती बायका सांभाळत. काही स्त्रिया आसपासच्या गावांत घरकामाला राहत. होमस्टेडची पाच वर्षे पूर्ण व्हायची तर घर उघडे पडू देऊन चालत नव्हते. या हिशेबात स्त्रियांचा वाटा निम्म्याहून कमी नव्हता.

१२/
बाहेरून मदत आली. कॅन्ससच्या इतर गावांनी आणि अन्य राज्यांतील दात्यांनी अन्न-वस्त्र पाठवले. तथापि १८७९ मध्ये या वस्तीने बाहेर मदत मागणे थांबवण्याचा निर्णय घेतला. दानावर जगणारे गाव अशी ओळख त्यांना नको होती. त्याच वर्षी दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय कॅन्ससकडे लोटले. बायबलमधील ‘एक्झोडस’वरून त्यांना ‘एक्झोडस्टर्स’ म्हणतात. निकोडेमसचे लोक त्यांच्या दोन वर्षे आधी आले होते आणि संघटित रीतीने, गाव वसवण्याच्या योजनेसह आले होते. इतिहासाच्या पुस्तकांत दोन्ही गट अनेकदा एकच मानले जातात, म्हणून हा भेद लक्षात ठेवावा.

१३/
शाळा मात्र पहिल्यापासून होती. वसाहतीचे अध्यक्ष स्मिथ यांची कन्या जेनी आणि तिचा पती झॅकरी फ्लेचर हे पहिल्या रहिवाशांपैकी. टपाल, दुकान, पुढे सेंट फ्रान्सिस हॉटेल, अशी गावाची अनेक कामे या एका कुटुंबाभोवती फिरत. जेनी ही गावाची पहिली शिक्षिका. पहिले वर्ग डगआउटमध्ये भरले. १८७९ मध्ये ग्रॅहम काउंटीतील पहिला शाळा-विभाग निकोडेमसमध्ये स्थापन झाला. त्याचा क्रमांकच ‘एक’.

ज्या दक्षिणेत गुलामाला अक्षर शिकवणे अनेक राज्यांत गुन्हा ठरवले गेले होते, तिथून आलेल्या माणसांनी जमिनीखालच्या घरात शाळा भरवली. हा तपशील विसरण्यासारखा नाही.

१४/
१८८० मध्ये ग्रॅहम काउंटीची रीतसर स्थापना झाली. (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका समजावा.) एडवर्ड मॅकेब हा सुशिक्षित कृष्णवर्णीय तरुण १८७८ मध्ये निकोडेमसला आला होता. तो काउंटीचा क्लार्क झाला. १८८२ मध्ये तो संपूर्ण कॅन्सस राज्याचा लेखापरीक्षक म्हणून निवडून आला आणि १८८४ मध्ये पुन्हा निवडून आला. या राज्यात राज्यस्तरीय पदावर निवडून आलेला तो पहिला कृष्णवर्णीय.

पुढे तो ओक्लाहोमाला गेला, तिथे १८९० मध्ये लँगस्टन हे कृष्णवर्णीयांचे नगर वसवण्यात त्याने पुढाकार घेतला. धुराच्या त्या वस्तीतून तेरा वर्षांत एक राज्यस्तरीय पदाधिकारी आणि एक नवे गाव निघाले.

१५/
१८८० चे दशक हा गावाच्या भरभराटीचा काळ. चुनखडीच्या दगडाच्या इमारती उभ्या राहिल्या. १८८५ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल पंथाच्या चर्चची दगडी इमारत झाली. दुकाने, हॉटेले, बँक, बेसबॉलचा संघ. १८८६ मध्ये ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि १८८७ मध्ये ‘निकोडेमस एंटरप्राइज’ ही वृत्तपत्रे निघाली.

गंमत अशी की दोन्हींचे संपादक गोरे होते. रेल्वे येणार या अपेक्षेने काही गोरे व्यापारीही गावात आले होते. म्हणजे निकोडेमस हे काही बंदिस्त बेट नव्हते. गोरे आणि काळे तिथे शेजारी दुकाने चालवत होते. १८८० च्या दशकातील अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती.

१६/
आणि मग रेल्वेचा प्रश्न आला. प्रेअरीवर रेल्वे म्हणजे गावाचा प्राण. धान्य बाजारात जाणार कसे, कोळसा आणि लाकूड येणार कसे, हे सारे रुळांवर अवलंबून असे. १८८७ मध्ये निकोडेमस टाउनशिपच्या मतदारांनी रेल्वेला आकर्षित करण्यासाठी १६,००० डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. दहा वर्षांपूर्वी जमिनीखाली राहणाऱ्या लोकांनी स्वतःवर एवढे कर्ज ओढवून घेण्याची तयारी दाखवली.

मिसूरी पॅसिफिक कंपनीचा मार्ग गावातून जाईल अशी आशा होती. तो आला नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकच्या यंत्रणेने रूळ टाकले ते नदीच्या दक्षिणेकडून, काही मैलांवरून. त्या रुळांच्या कडेला बोग हे नवे गाव उभे राहिले.

१७/
त्यानंतर जे घडले ते प्रेअरीवर शेकडो गावांत घडले. व्यापाऱ्यांनी दुकाने आवरली आणि बोगला हलवली. काहींनी तर अख्ख्या लाकडी इमारती नदीपलीकडे ओढून नेल्या. वृत्तपत्रे बंद पडली. व्यापारी गेले, तसा कर गेला, उलाढाल गेली आणि बाहेरून नवे कुटुंब येण्याचे कारणही गेले.

रेल्वे कंपनीने वर्णद्वेषातून गाव टाळले का? असा समज आढळतो. पण रुळांची दिशा ठरवताना कंपन्या जमिनीचे भाव, नदीचे पात्र आणि स्वतःच्या मालकीच्या नव्या गावठाणांचा नफा पाहत. गोऱ्यांची कितीतरी गावेही याच हिशेबात मेली. मात्र ज्यांच्याजवळ दुसरे भांडवल नव्हते, त्यांना हा फटका अधिक बसला.

१८/
तरीही शेतकरी राहिले. गाव आटले, पण आसपासची टाउनशिप विसाव्या शतकाच्या आरंभी शेतीवर बऱ्यापैकी तग धरून होती. १९०७ मध्ये बाप्टिस्ट चर्चची इमारत झाली, १९१८ मध्ये नवी शाळा.

इथे आकडे वाचण्याबद्दल एक सूचना. निकोडेमसची जुनी लोकसंख्या वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळी सापडते. त्याचे कारण असे की कुठे केवळ गावठाण मोजले आहे, तर कुठे आसपासच्या शेतांसह टाउनशिप. प्रेअरीवर माणसे आपापल्या १६० एकरांत विखुरलेली असत. आपल्याकडेही गावठाणात दहा घरे आणि वाड्या-वस्त्यांवर दोनशे, असे असतेच. म्हणून एखादा आकडा दिसला की आधी विचारावे : सीमा कोणती?

१९/
मग १९३० चे दशक आले. जागतिक मंदी आणि ‘डस्ट बोल’ एकाच वेळी. कॅन्ससचा हा पश्चिम भाग शंभराव्या रेखावृत्ताजवळ येतो. त्याच्या पश्चिमेस पाऊस कमी आणि बेभरवशाचा होत जातो. ज्या गवताच्या मुळांनी माती धरून ठेवली होती ती नांगरांनी उलटली गेली होती. दुष्काळात माती वाऱ्याबरोबर उडाली. शेते कर्जात गेली, तरुण माणसे डेनव्हर, टोपेका, कॅन्सस सिटी आणि त्याहूनही दूर कॅलिफोर्नियाकडे निघाली.

१९३९ मध्ये सरकारी रोजगार योजनेतून गावात चुनखडीचे टाउनशिप सभागृह बांधले गेले. ते आजही उभे आहे. आपल्याकडच्या दुष्काळी कामांवर झालेल्या बांधकामांची आठवण यावी, अशी ती इमारत.

२०/
१९५० मध्ये गावात १६ माणसे होती. १९५३ मध्ये टपाल कार्यालय बंद झाले. १९६० मध्ये शाळा बंद झाली. कागदावर हा शेवट होता.

आता शेजारी पाहू. ग्रॅहम काउंटीची लोकसंख्या १९१० मध्ये सुमारे ८,७०० होती. २०२० मध्ये ती सुमारे २,४०० उरली. ज्या बोगने निकोडेमसची दुकाने ओढून नेली, ते बोग आज दीडशेच्या आसपास माणसांचे आहे. म्हणजे रेल्वे मिळालेले गावही वाचले नाही. ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रे आली, १६० एकरांत संसार चालेना, शेते एकमेकांत विलीन झाली आणि माणसे कमी लागू लागली. संपूर्ण प्रेअरीच ओसरत गेली. हे ज्याला ठाऊक नाही तो निकोडेमसच्या ऱ्हासाचे कारण तिथल्या माणसांच्या वर्णात शोधतो, आणि चुकतो.

२१/
मग निकोडेमसचे वेगळेपण कशात? इतर अनेक गावे ओसरली आणि विसरली गेली. हे गाव ओसरले, पण त्याची माणसे परत येत राहिली. दरवर्षी जुलैच्या अखेरीस इथे मुक्तिदिनाचा उत्सव भरतो. त्याचा संदर्भ रोचक आहे. ब्रिटिश साम्राज्यातील वेस्ट इंडीज बेटांवर १ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामगिरी संपवणारा कायदा लागू झाला, त्याचे हे स्मरण. अमेरिकेतील मुक्तीच्या कितीतरी आधीपासून उत्तरेतील कृष्णवर्णीय हा दिवस साजरा करत आणि निकोडेमसने तो पहिल्या वर्षांपासून धरून ठेवला.

आज त्याला ‘होमकमिंग’ म्हणतात. देशभरात पांगलेले वंशज शेकड्यांनी येतात. मिरवणूक, जेवणावळी, चर्चमध्ये प्रार्थना, आजी-आजोबांच्या गोष्टी. आपल्याकडे मुंबई-पुण्याची मंडळी जत्रेला गावी जातात, त्याच्याशी हे दृश्य ज्याचे त्याने ताडून पाहावे.

२२/
या परत येण्यातूनच गाव टिकले. निवृत्त झालेली काही माणसे कायमची राहायला आली. वंशजांनी कागदपत्रे आणि आठवणी गोळा केल्या, १९८८ मध्ये गावाची इतिहास-संस्था स्थापन केली. १९७६ मध्ये निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १२ नोव्हेंबर १९९६ रोजी अमेरिकी संसदेच्या कायद्याने ते ‘राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ’ झाले. त्यात पाच वास्तू येतात : दोन चर्च, शाळा, सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि टाउनशिप सभागृह. धर्म, शिक्षण, व्यवसाय, घर आणि स्वशासन. या पाच इमारतींत त्या लोकांनी कशाची इच्छा धरली होती, ते सारे सामावले आहे.

२३/
गावाचा एक सुपुत्र क्रीडाप्रेमींना माहीत असेल. १९३२ मध्ये निकोडेमसमध्ये जन्मलेला वेरिल स्विट्झर कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळला आणि १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स संघाने त्याला देशभरातील निवडीत चौथ्या क्रमांकावर निवडले. पुढे तो आपल्या विद्यापीठात प्रशासक म्हणून परतला, आणि निकोडेमसशी असलेले शेतीचे नातेही त्याने तोडले नाही. २०२२ मध्ये त्याचे निधन झाले. ज्या माळाला त्याच्या पूर्वजांनी कुदळीने फोडले होते, तिथली जमीन त्याच्या पिढीपर्यंत कुटुंबात राहिली. सर्वांच्या बाबतीत असे झाले नाही. बहुतेकांच्या जमिनी विकल्या गेल्या आणि आज त्या भागात जमीन कसणारे मूळ वसाहतकारांचे वंशज फारच थोडे उरले आहेत. या गावापुढचा खरा धोका तो आहे. इमारती सरकार जपेल, पण शेत कसणारा हात सरकार देऊ शकत नाही.

२४/
२०१० च्या जनगणनेत ५९, २०२० मध्ये १४. पुढच्या जनगणनेत किती? शून्य आले तर निकोडेमस संपले असे म्हणायचे का?

जनगणना एक विशिष्ट प्रश्न विचारते : ठरावीक दिवशी इथे कोण राहते? तो प्रश्न आवश्यक आहे. रस्ते, शाळा, दवाखाने त्याच्या उत्तरावर ठरतात. परंतु ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न ती विचारत नाही. तो प्रश्न विचारला तर निकोडेमसचे नाव सांगणारी माणसे डेनव्हरमध्ये, टोपेकात, लॉस एंजेलिसमध्ये सापडतील. १८७७ मध्ये ज्यांना ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाला मालकाच्या मळ्याचे नाव सांगावे लागले असते, त्यांच्या पणतू-खापरपणतूंना आज सांगायला स्वतःचे गाव आहे.

२५/
विलियाना हिकमनकडे परत जाऊ. त्या दिवशी रडलेली ती स्त्री माघारी गेली नाही. ती आणि तिचा पती वस्तीच्या परिसरात स्थिरावले, चर्च उभारले, शेती केली आणि अनेक वर्षे तिथेच राहिले. तिला आधी घरे दिसली नाहीत, फक्त धूर दिसला. पण धूर आहे म्हणजे खाली चूल पेटलेली आहे, माणसे आहेत, हे तिच्या पतीने तिला दाखवले.

तुमच्या भागातही धरणात गेलेले, रेल्वेने किंवा महामार्गाने टाळलेले, नाहीतर दुष्काळाने रिकामे केलेले एखादे गाव असेल. त्याची आजची लोकसंख्या, तिथली जत्रा आणि त्या दिवशी तिथे किती माणसे जमतात, हे जरूर लिहा. दोन्ही आकडे लिहा. पुढच्या धाग्यात त्यांतल्या काही गावांविषयी बोलू.